जुन्या छोट्या ट्रॅक्टरची मागची चाकं सारखी ढिली होतात, काय करावं?

पेरूवाला_इंदूर
मंडळी, मदत हवी आहे.

खंडवा रोडवर सिमरोलच्या अलीकडे आमची थोडी जमीन आहे. निम्म्यात पेरू, बाकीची बटाईने दिलेली. बागेतल्या ओळींमधून फिरायला म्हणून एक जुना छोटा ट्रॅक्टर घेतला. 18 एचपी, तीन सिलिंडर, मागे 8-18 चे टायर. कंपनी कुठली ते लिहीत नाही. मागे एका धाग्यावर नाव निघालं आणि मूळ प्रश्न बाजूला राहून लोकांनी एकमेकांची खानदानं काढली.

इंजिन उत्तम, गिअर उत्तम. लिफ्ट जरा आळशी आहे, पण उचलते. दुखणं मागच्या चाकांचं. दोन्ही ढिली होतात, डावं जास्त. नट कचकचून आवळायचे, रोटाव्हेटर लावून बागेत जायचं, आणि परत येताना शेडजवळ रिव्हर्स टाकला की चाकातून 'टक्'. पाना लावून बघावा तर नट पुन्हा सैल. मिस्त्रीने स्प्रिंग वायसर घातले, ते फाकलेले निघतात. चाकाची मधली थाळी, म्हणजे डिश, ॲक्सलच्या टोकावरच्या हबला नटांनी आवळलेली असते. आता तो म्हणतोय, "डिशच हबला वेल्ड मारून टाकू, जिंदगीभराची सुट्टी." घरच्यांना पटलंय, मला पटत नाही.

आणखी एक वैताग म्हणजे हवेचा व्हॉल्व्ह आतल्या बाजूला आहे. हवा भरायची तर माझ्यासारख्या देहयष्टीच्या माणसाने ट्रॅक्टरखाली झोपायचं. ही कुणाची कल्पना देव जाणे. पण ते असो, मुख्य प्रश्न चाकांचा.

द्राक्षबाग_सांगली
वेल्डिंग अजिबात नको. बाकीचं नंतर बोलू, आधी हे घरच्यांना वाचून दाखवा.

टायर रिमवर चढलेला असताना रिमला किंवा डिशला वेल्डिंगचा जाळ लावायचा नसतो. हवा सोडली असली तरी नाही. आतलं रबर तापतं, त्यातून जळणारा वायू सुटतो, तो आत कोंडतो आणि पेट घेतो. टायर बॉम्बसारखा फुटतो आणि समोरच्या माणसाला उभं राहायला वेळ मिळत नाही. ज्याला वेल्डिंग करायचंच आहे त्याने टायर पूर्ण उतरवून करावं.

आणि समजा सुखरूप झालं, तरी उद्या ऑइल सील गेलं की हब कसा काढणार? ग्राइंडरने?

फुकटचा_सल्ला
वेल्ड करा हो. पंक्चर झालं की अख्खा ट्रॅक्टर खांद्यावर टाकून पंक्चरवाल्याकडे न्यायचा, व्यायाम होतो.

देवासचा_दादा
एवढं काय त्यात? जुनं यंत्र आहे, थोडं हलणारच. माझ्याकडे असाच होता. रोज सकाळी चहाच्या आधी पाना फिरवायचा, दिवसभर बिनघोर. तुम्ही लोक उगाच इंजिनिअरिंग करता.

लेथमास्तर_नाशिक
दादा, रोज पाना फिरवावा लागतो म्हणजे रोज काहीतरी झिजतंय. ते काय झिजतंय हे शोधायला नको का?

पेरूवाले, 'चाक ढिलं' या दोन शब्दांत चार वेगवेगळे रोग बसतात. आवळायच्या आधी कशावर काय हलतंय ते बघा.

ट्रॅक्टर सपाट, कडक जागेवर घ्या. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. तुमची काळी माती असेल तर जॅकखाली जाड फळी हवीच, नाहीतर जॅक जमिनीत आणि ट्रॅक्टर तिथेच. पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर झुलता असतो, त्यामुळे मागून एक बाजू उचलली की धड कलंडू शकतं. ॲक्सल आणि चेसिसच्या मधे दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोका. उचलल्यावर घोडा, म्हणजे टेकू द्यायचा स्टँड, लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका.

आता टायर वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा, आणि दुसऱ्या माणसाला जवळ बसून बघायला सांगा.

डिश हबवर हलतेय आणि हब स्थिर आहे: नट-स्टड किंवा भोकं.
डिश आणि हब एकत्र हलतायत, आणि ॲक्सलच्या नळकांड्याजवळ फट कमी-जास्त होतेय: आतलं बेअरिंग. तिथे बहुधा तेलही ओघळलेलं असेल.
डिश घट्ट, पण रिम डिशवर हलतेय: रिमचे बोल्ट. यांच्याकडे कुणी बघतच नाही.
चौथा प्रकार, गिअरमध्ये टाकून चाक पुढे-मागे फिरवताना हब ॲक्सलवर टकटकतो: स्प्लाइन किंवा चावी (हबला ॲक्सलबरोबर फिरवणारे दाते किंवा खिट्टी) खाल्ली गेलीय. हा महाग पडतो.

आवाजावरूनही कळतं. दिशा बदलताना एकच 'टक्' आला तर कुठेतरी जोड सैल आहे. चालताना सतत घरघर असेल तर बेअरिंग. तुमचा टक् आहे, म्हणून मला पहिला किंवा चौथा वाटतो. बोल्टच्या भोवती विटकरी रंगाची भुकटी दिसतेय का? लोखंडावर लोखंड घासलं की ती निघते.

पेरूवाला_इंदूर
मास्तर, आभारी आहे. पाचरीची गोष्ट मिस्त्रीलाही माहीत नव्हती, तो म्हणाला "ये नया सुना."

तपासलं. डिश हबवर हलतेय. हब, बेअरिंग, रिम सगळं घट्ट. तेल नाही. विटकरी भुकटी आहे, डाव्या चाकाला तर प्रत्येक नटाखालून ओघळ आल्यासारखी. स्टड हबमध्ये बसवलेले आहेत, बाहेरून नट. सहा आहेत, 22 चा पाना लागतो. नट आतल्या बाजूने निमुळता आहे आणि त्याखाली मिस्त्रीने घातलेला स्प्रिंग वायसर.

लेथमास्तर_नाशिक
निमुळत्या नटाखाली वायसर? तो आधी काढून फेका. निमुळता नट भोकाच्या उतारात घट्ट बसून चाक मधोमध आणायला असतो. वायसर मधे आला की तो फाकणारच, त्याचा काय दोष.

22 चा पाना म्हणजे बहुधा 14 मिमीचा स्टड. एक सांगा, डिशच्या भोकाच्या तोंडाला नटाच्या बाजूने उतार कापलेला आहे का?

पेरूवाला_इंदूर
नाही. सरळ भोक आहे. डाव्या डिशची भोकं जरा लांबट झाली आहेत, उजवीची ठीक वाटतात.

लेथमास्तर_नाशिक
मग नट चुकीचे आहेत. कुणीतरी जीप-ट्रकचे लावले असतील. सपाट नट आणि जाड वायसर घ्या.

जुनी_जीप
जीपचं नाव निघालं म्हणून आलो.

डावं चाक जास्त ढिलं होतं म्हणताय ना? अहो, जुन्या विलीज जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असायचे ते उगाच नाही. पुढे जाताना डावं चाक ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने साधा नट सैल होतो. सायकलच्या डाव्या पेडलला उलटे आटे याच कारणाने. त्या स्टडवर 'एल' लिहिलेलं असायचं. आमच्या एका पाहुण्याने ते न बघता पाईप लावून सोडवायचा प्रयत्न केला आणि स्टडच मुरगाळून हातात घेतला.

लेथवाल्याकडून डाव्या बाजूला उलट्या आट्यांचे स्टड करून घ्या. प्रश्न मिटला.

बोल्टशास्त्री_पिथमपूर
प्रश्न मिटणार नाही, वाढेल. पुढचा मालक तुमच्या त्या पाहुण्यासारखाच वागेल.

उलटे आटे हा जुना उपाय आहे, आणि आजच्या बहुतेक गाड्या दोन्ही बाजूंना सरळ आट्यांवर व्यवस्थित चालतात. कारण चाक धरून ठेवायचं काम आट्यांच्या दिशेचं नसतं. ते काम दाबाचं असतं. 14 चा चांगला बोल्ट नीट आवळला की तो ताणला जातो आणि डिशला हबवर साधारण 5 टनांनी दाबून धरतो. असे सहा, म्हणजे 30 टन. एवढ्या दाबाने जे घर्षण होतं ते चाक ओढतं. स्टडने भोकाच्या कडेला टेकून वजन ओढणं अपेक्षितच नाही. दाब कमी झाला की डिश सूतभर सरकते, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि या आडव्या सरकण्याने नट आपोआप फिरायला लागतो. गेर्हार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरने 1969 मध्ये हे यंत्रावर प्रयोग करून मांडलं. त्याच धर्तीच्या चाचणीत स्प्रिंग वायसरची अब्रू गेली. आडव्या हादऱ्यात त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

बोल्ट बदलायचे तर डोक्यावर 8.8 लिहिलेले बघून घ्या, आणि नटही त्याच दर्जाचा. चकचकीत पॉलिश बघून घेऊ नका.

देवासचा_दादा
म्हणजे इतकी वर्षं सगळे मिस्त्री वायसर घालतात ते येडे?

बोल्टशास्त्री_पिथमपूर
मी येडे म्हणालो नाही. परंपरा म्हणालो.

फुकटचा_सल्ला
परंपरेला हात घातला, आता धागा पाचशेला जाणार. मी पोहे-जलेबी घेऊन बसतो. जीरावण जास्त.

सावेरची_सून
सगळे "नीट आवळा" म्हणतायत, पण नीट म्हणजे किती ते कुणी सांगत नाही. पुरुषमाणसं पाईप लावून, त्यावर उभं राहून, वर उड्या मारतात. मग आटे जातात आणि म्हणतात माल हलका होता.

टॉर्क पाना नसेल तर आमच्याकडे सासऱ्यांनी शिकवलेली रीत आहे. पान्याला पाईप चढवा आणि नटाच्या मध्यापासून बरोबर एक मीटरवर खूण करा. तिथे लसूण तोलायचा स्प्रिंगचा काटा अडकवा आणि पाईपला काटकोनात ओढा. काट्यावर 14 किलो आले की नटावर 14 किलो-मीटर जोर बसला. पाईप उभा राहील असा पाना लावायचा आणि काटा आडवा ओढायचा, नाहीतर पाईपचं वजनही मापात धरलं जातं. काटा कितपत खरा आहे ते आधी साखरेच्या पाच किलोच्या पुड्याने बघून घ्या.

क्रम समोरासमोरचा. एक आवळला की त्याच्या समोरचा, मग शेजारचा नाही, पुढच्या जोडीचा. आधी सगळे निम्म्या जोराने, मग पूर्ण.

बोल्टशास्त्री_पिथमपूर
ताई, दंडवत. इतकं सोपं मी गेल्या कित्येक वर्षांत कुणाला सांगू शकलो नाही.

14 मिमीच्या 8.8 बोल्टला कोरड्या आट्यांवर साधारण 13 ते 14 किलो-मीटर बसतो, म्हणजे सुमारे 135 न्यूटन-मीटर. 16 मिमी असेल तर 20-21. मॅन्युअल मिळालं तर त्यातला आकडा खरा. आणि हे आकडे कोरड्या आट्यांचे आहेत. ऑइल लावून तेवढाच जोर दिला तर बोल्ट बराच जास्त ताणला जातो. आटे ब्रशने साफ करा, तेल पाजू नका.

द्राक्षबाग_सांगली
इथे माझं वेगळं मत. आमच्याकडे औषध फवारणीने नट असे गंजतात की पुढच्या वर्षी घणाशिवाय सुटत नाहीत. मी थेंबभर ऑइल लावतोच आणि जोर थोडा कमी देतो. कागदावरचं कोरडं आणि बागेतलं कोरडं यात फरक असतो.

बोल्टशास्त्री_पिथमपूर
'जोर थोडा कमी देतो' हे तुम्ही लक्षात ठेवून करता म्हणून चालतं. मान्य.

माळवी_मिरची
अवांतर: पेरू कुठला लावलाय? सफेदा की ते मोठे? आमच्याकडे मोठ्याचं फळ दिसतं भारी, पण खाताना काकडी.

पेरूवाला_इंदूर
माळवी ताई, सफेदा. मोठं फळ लावायचा मोह झाला होता, पण प्रत्येक फळाला पिशवी घालायला माणसं कुठून आणू?

मुख्य विषयावर येतो. सपाट नट आणि जाड वायसर मिळेपर्यंत जुनेच नट, मधला स्प्रिंग वायसर काढून, ताईंच्या रीतीने 14 वर आवळले. घरातला काटा भंगारात जायच्या बेतात होता, वाचला. दिवसभर बरं चाललं, मग पुन्हा टक्. जुनी_जीप म्हणतात तसं डावीकडचे नट फिरून सुटत असतील का?

लेथमास्तर_नाशिक
फिरतायत की नाही ते नजरेने कळेल. नेलपॉलिश आणा. स्टडच्या टोकावरून नटावर आणि नटावरून डिशवर अशी एकच सलग रेघ मारा, सगळ्या सहांना. दुसरी रेघ डिशच्या कडेवरून हबवर. वाळू द्या, काम करा, मग बघा कुठली रेघ तुटली.

फुकटचा_सल्ला
नेलपॉलिश घरात विचारून घ्या, नाहीतर चाकाआधी संसार ढिला होईल.

पेरूवाला_इंदूर
विचारूनच घेतलं. लाल मिळालं नाही, मोरपंखी मिळालं.

आज जे दिसलं ते कळेना म्हणून लिहितोय. डिश आणि हबच्या मधली रेघ तुटली आहे, म्हणजे डिश सरकतेय हे पक्कं. पण स्टड-नट-डिश रेघा डावीकडे एकही तुटलेली नाही. नट जागचा हललेला नाही आणि तरीही पाना लावला की हातानेच पाव आटा फिरतो! हे कसं?

बोल्टशास्त्री_पिथमपूर
वा. हे फार महत्त्वाचं बघितलंत.

नट फिरला नाही पण ताण गेला, याचा अर्थ मधलं काहीतरी दबलं किंवा झिजलं. स्टड ताणला गेला असेल, किंवा डिश आणि हबच्या मधे रंगाचा-गंजाचा थर असेल आणि तो चुरगळला असेल, किंवा नट ज्यावर टेकतो ती जागाच खाल्ली जातेय. तिन्हींत उलटे आटे, डबल नट, आट्यांवर लावायचा गोंद यांचा काडीचा उपयोग नाही. ते सगळे नट फिरू नये म्हणून असतात, आणि तुमचा नट फिरतच नाहीये.

जुनी_जीप
बरं बाबा, उलटे आटे मागे घेतो.

देवासचा_दादा
म्हणजे वेल्डच.

बडोद्याचे_आजोबा
मी सहसा लिहीत नाही, नातवाने वाचून दाखवलं म्हणून लिहितो.

पेरूवाले, तुम्ही पहिल्याच प्रतिसादात सांगितलंत की हवेचा व्हॉल्व्ह आतल्या बाजूला आहे. दोन्ही चाकांचा आहे का? आणि डिशचा खोलगट भाग बाहेरून दिसतो की फुगीर? मला वाटतं तुमची चाकं कुणीतरी अदलाबदल करून लावली आहेत. डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे, आतली बाजू बाहेर येईल अशी. त्याने दोन चाकांमधलं अंतर वाढतं. आमच्याकडे कापसाच्या ओळींसाठी असं करायचे. डावं चाक न उलटता तसंच पलीकडे नेलं की टायरच्या नक्षीची दिशा बरोबरच राहते, मागून बघितलं तर टोक वर. म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. जागेवरच उलटं केलं असतं तर टोक खाली दिसलं असतं आणि ट्रॅक्टर चिखलात घसरला असता.

आता विचार करा, भोकाचा उतार डिशच्या बाहेरच्या बाजूला कापलेला असेल आणि ती बाजू आत गेली असेल, तर उतार कुणाकडे तोंड करून आहे? हबकडे. आणि तुमचा निमुळता नट सरळ भोकाच्या धारेवर टेकलाय. नट बरोबर आहेत, डिश उलटी आहे.

लेथमास्तर_नाशिक
आजोबा, पायाचं पाणी तीर्थ म्हणून घ्यावं. मी उतार एकाच बाजूने विचारला आणि नटांना दोष देऊन मोकळा झालो.

फुकटचा_सल्ला
पेरूवाले, लवकर चाक काढा. आज झोप येणार नाही.

पेरूवाला_इंदूर
काढलं. आजोबा, अगदी तसंच आहे.

डिश उलटून बघितली तर हबकडच्या बाजूला प्रत्येक भोकाला व्यवस्थित उतार कापलेला, आत अजून कंपनीचा रंग शिल्लक. तिथे नट कधी टेकलेलाच नाही. बाहेरच्या बाजूला भोकाची कड चेपून चकचकीत झालेली, नखाला गोल पन्हळ लागते. नटाच्या निमुळत्या भागावर बरोबर तेवढीच बारीक कडी उमटलीय. म्हणजे सगळा दाब त्या एका धारेवर. डिश आणि हबच्या मधे रंगाचे दोन-तीन थर, तेही पापुद्रे सुटलेले. पूर्वीचे मालक सोयाबीनमध्ये डोरा, म्हणजे ओळींमधलं तण काढायचं कोळपं, चालवायचे. 45 सेंटीमीटरच्या ओळी, त्यामुळे चाकं रुंद करून घेतली असणार.

आता काय करू? पुन्हा अदलाबदल करून लावू का?

लेथमास्तर_नाशिक
तुम्हाला रुंद चाकांची गरज नसेल तर तोच स्वच्छ उपाय. बागेत अरुंद बरंच. पण नुसतं उलटून भागणार नाही.

डावी डिश बदला. लांबट झालेल्या भोकात वेल्ड भरून पुन्हा भोक पाडून देतो असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून बाहेर पडा. ताप लागलेला पत्रा पुढे भोकापासून चिरत जातो. उजवी ठीक असेल तर राहू द्या. स्टड आणि नट दोन्ही बाजूंचे नवे घ्या. इतके दिवस हिसके खाल्लेला स्टड वरून चांगला दिसतो आणि आतून थकलेला असतो. डिशचा हबकडचा भाग आणि हबचा तोंडवळा वायर ब्रशने लोखंड दिसेपर्यंत साफ करा. तिथे रंग लावायचा मोह होईल, लावू नका. फार तर पुसट ग्रीस गंजापुरतं, पण नटाच्या उतारावर नको.

रुंदच हवं असतं तर दोन्ही बाजूंनी उतार असलेली डिश शोधावी लागली असती. हबला मधे उंचवटा असेल आणि डिश त्यावर बसत असेल तर सपाट नट-जाड वायसरही चालतात, कारण मधोमध आणायचं काम तो उंचवटा करतो. तुमच्या हबला तो आहे का?

पेरूवाला_इंदूर
नाही. सपाट आहे.

लेथमास्तर_नाशिक
मग निमुळता नट आणि उतार ही जोडी मोडायची नाही.

नर्मदाकाठ
बुदनीच्या केंद्रीय ट्रॅक्टर संस्थेचे चाचणी अहवाल बघा. सीहोर जिल्ह्यात आहे, 1955 पासून. देशातले ट्रॅक्टर तिथे तपासले जातात, आणि अहवालात मागच्या चाकांमधलं अंतर किती ते असतं. तुमच्या मॉडेलचा मिळाला तर डिश कशी लावायची असते ते अंतर मोजून ताडून बघता येईल. शेतकऱ्यांसाठी तिथे प्रशिक्षणही होतं. मी केलंय. जेवण साधं, शिकवणं उत्तम.

द्राक्षबाग_सांगली
एक सावधगिरी. सिमरोलकडे उतार आहेत. चाकं अरुंद केली की ट्रॅक्टर आडव्या उतारावर लवकर कलंडतो. मागे फवारणीची टाकी भरलेली असेल तर आणखी. उतारावर वर-खाली चालवा, आडवं नको, आणि वळताना लिफ्ट खाली ठेवा. रुंद चाकांची सवय झालेला हात चुकतो.

सावेरची_सून
हे फार बरोबर. आणि रात्री बागेतून परत येताना घाई नको.

पेरूवाला_इंदूर
झालं काम.

डिश सियागंजात नाही मिळाली, दुकानदाराने मागवून दिली. स्टड-नट मिळाले, 8.8 बघून. जुनी डावी डिश काउंटरवर ठेवली तेव्हा त्याने चेपलेल्या भोकातून बोट फिरवलं आणि काही न बोलता आत जाऊन पेटी घेऊन आला. चाकं अदलून-बदलून, तोंडवळे घासून, काट्याने 14 वर आवळली. अर्धा तास रिकामा फिरवून पुन्हा बघितलं, एक-दोन नट जरासे आणखी बसले. मग रोटाव्हेटर. मोरपंखी रेघा नव्याने मारल्या आहेत. दिवसभराच्या कामानंतर सगळ्या शाबूत, आणि काटा लावला तर नट 14 पर्यंत हलत नाहीत. रिव्हर्समध्ये आवाज नाही. व्हॉल्व्ह बाहेर आला, हे वेगळं सुख.

मिस्त्रीला दाखवलं. तो म्हणाला, "मैं तो पहले ही बोल रहा था, डिश में गड़बड़ है."

बोल्टशास्त्री_पिथमपूर
उत्तम. नव्या जोडाला बसायला वेळ लागतो. पहिल्या 10 तासांत पुन्हा एकदा काटा लावा, मग दर 50 तासांनी. रेघा असतील तर नजर टाकली तरी पुरे, पण या वेळी रेघ शाबूत असूनही नट सैल होता हे आपण बघितलंच आहे. म्हणून अधूनमधून काटाच.

माळवी_मिरची
आता पेरू कधी पाठवताय ते सांगा. आजोबांचा वाटा बडोद्याला.

बडोद्याचे_आजोबा
मला दात नाहीत. नातवाला पाठवा.

नवा_सभासद_उज्जैन
माझ्याकडे 25 एचपीचा जुना आहे. फक्त उजवं चाक हलतं. व्हॉल्व्ह बाहेरच आहे, नट घट्ट आहेत. पण ब्रेकच्या बाजूने तेल ओघळतंय. हाच उपाय करू का?

लेथमास्तर_नाशिक
नाही. तेल ओघळतंय आणि नट घट्ट आहेत म्हणजे तुमचं बेअरिंग वाटतंय, सील त्याच्यामागोमाग गेलं. तेल ब्रेकवर उतरलं असेल तर उतारावर चालवू नका. ॲक्सल बाहेर काढावा लागेल, तेव्हा बेअरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर लिहून आणा. 6208 असेल तर आतलं भोक 40 मिमी, शेवटचे दोन आकडे पाचने गुणायचे. जुनं बेअरिंग खिशात घालूनच दुकानात जा, नुसत्या मॉडेलच्या नावावर घेऊ नका. आणि याचा वेगळा धागा काढा, फोटो टाका. इथे खाली कुणाला सापडणार नाही.